रात्रपाळीची पाहणी

(चिखलदरा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा, छपाईसाठी थोडा आवरलेला मजकूर)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी आपलं नाव कुठल्याही फलकावर लावू नका, असं बजावून ठेवलं होतं. पत्रिकेवर ते नाही, तेव्हा मीही घेत नाही. त्या परिचारिका होत्या. मीही परिचारिका, अधिसेविका म्हणून निवृत्त झालेली. संयोजकांनी मला विचारलं आहे की वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषागृहात मिळणारी सेवा चांगली की वाईट, हे ओळखायचं कसं. विचारण्यामागे कारण आहे. इथली हवा चांगली, जागा मोकळी, तेव्हा इथे एक मोठं वृद्धनिवास काढावं, असं काही मंडळींच्या मनात घोळतं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटच्या बसने जाणाऱ्यांची पंचाईत नको. अशा घराची परीक्षा करायची ती तिथल्या सगळ्यांत गप्प माणसाच्या अंगावर, आणि रात्री दोन वाजता. इमारत, बगिचा, टीव्हीचा हॉल, देणगीदारांच्या नावांचा संगमरवर, हे सगळं नंतर. ही परीक्षा घ्यायची अक्कल बाहेरून आणायचीही गरज नाही. आपल्या या मेळघाटाने ती गेल्या तीस वर्षांत मोठी किंमत मोजून मिळवली आहे. आपण ती लेकरांसाठी वापरली, म्हाताऱ्यांसाठी वापरायचं कोणाला सुचलं नाही, एवढंच.

पहिल्यांदा हवेचं बोलू. कॅप्टन रॉबिन्सन १८२३ साली इथे आला, तेव्हापासून चिखलदऱ्याची हवा औषधी मानली गेली. वऱ्हाडचा उन्हाळा न सोसणारे गोरे अधिकारी इथे राहायला येत, बंगले बांधत, त्यांनी कॉफीही लावली. समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर, खाली अमरावती भाजून निघत असताना, इथे मे महिन्यातही रात्री पांघरूण घ्यावंसं वाटतं. पण धडधाकट माणसाला चार दिवस मानवणारी हवा ऐंशी वर्षांच्या दमेकऱ्याला बारा महिने मानवेलच, असं नाही. पावसाळ्यात इथे धुकं खिडकीतून घरात येतं आणि कपडे दिवसेंदिवस ओले राहतात. ज्या घरात वीस माणसांना अंथरुणात लघवी होते, त्या घराची पहिली अडचण न वाळणारी चादर ही असते. थंडीच्या दिवसांत म्हातारी माणसं पाणी प्यायचं टाळतात, कारण मग रात्री उठून मोरीपर्यंत जावं लागतं. पाणी कमी पडलं की लघवीत जंतू होतात, ताप येतो, माणूस भलतंसलतं बोलू लागतो, आणि सगळे म्हणतात, ‘बुढीचं डोकं फिरलं.’ डोकं फिरलेलं नसतं. तिला कोणी पेला हातात दिलेला नसतो.

मग घाट. परतवाडा तीसेक किलोमीटर, अमरावती ऐंशीच्या वर. मेंदूत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. रात्री अकरा वाजता म्हाताऱ्याचं तोंड वाकडं झालेलं पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येणार? गाडी कुठून येणार, चालक कुठे झोपलेला असणार, धुक्यात घाट उतरून इर्विनपर्यंत पोचायला किती वेळ लागणार? जिल्हा सामान्य रुग्णालयाला अमरावतीकर अजून इर्विनच म्हणतात, मीही तेच म्हणते. या प्रश्नांना ज्यांच्याकडे घड्याळाच्या काट्यात उत्तर आहे, त्यांनी इथे जरूर वृद्धनिवास काढावं. ‘हवा चांगली आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे.

आता कायदा काय तपासतो, ते पाहू. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या १९व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल, असा वृद्धाश्रम काढण्याची तरतूद आहे. ती राज्याला दिलेली मुभा आहे, बंधन नाही. कायद्याला अकरा वर्षं झाल्यावर, १३ डिसेंबर २०१८ रोजी, अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला सांगावं लागलं की कुठल्या जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत, याची माहिती राज्यांकडून गोळा करा. केंद्राने नमुना नियम केले, त्यांत झोपायच्या खोलीत दरडोई साडेसात चौरस मीटर जागा हवी, असं मोजून सांगितलं आहे. जागा मोजली हे चांगलंच झालं. पण त्या साडेसात चौरस मीटरमध्ये पडलेल्या माणसाची कूस दिवसातून किती वेळा बदलली, ते मोजायची पट्टी त्यात नाही.

दुसरीकडे १९४९चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा त्याच्या कक्षेत येते. २०२१मध्ये राज्याने त्याचे नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक भिंतीवर लावणं सक्तीचं केलं. पण वृद्धाश्रम सहसा या कायद्याखाली नोंदलेलाच नसतो. तो धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंदलेला असतो. प्रवेशाच्या फॉर्मवर बहुतेक ठिकाणी अट असते, ‘स्वतःची कामे स्वतः करता आली पाहिजेत.’ आत येताना म्हातारा चालत येतो. पाच-सात वर्षांत त्याचे गुडघे जातात, मग नजर, मग लघवीवरचा ताबा. एक दिवस त्या घरातली निम्मी माणसं अंथरुणाला लागलेली असतात. वृद्धाश्रमाचं शुश्रूषागृह झालेलं असतं, पाटी मात्र जुनीच राहते आणि माणसंही तितकीच, म्हणजे स्वयंपाकाला एक, झाडपुसेला एक आणि ‘वर पाहायला’ एक मावशी. दरवर्षी सीए येऊन हिशेब तपासतो. कोणाची पाठ उघडी करून पाहायला कोणी येत नाही.

आमच्या शिक्षणात एक नाव शिकवलं जायचं, अव्हेडिस डोनाबेडियन. बैरुतमध्ये जन्मलेले आर्मेनियन डॉक्टर, पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. १९६६ साली त्यांनी वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा ठरवावा, यावर एक लेख लिहिला आणि त्या शास्त्राचा पाया घातला. दर्जा पाहायच्या तीन जागा त्यांनी दाखवल्या. तुमच्याकडे काय आहे, तुम्ही काय करता, आणि त्यातून माणसाचं काय झालं. पलंग, गादी, नर्स हे पहिलं. दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठ पुसणं, ओली चादर काढणं हे दुसरं. पाठीवर जखम झाली की नाही हे तिसरं. आपल्याकडे तपासणी पहिल्यातच संपते. एअर बेड आहे का? आहे. लिहा. तो एअर बेड प्लगला लावलेला नसतो, कारण त्याच प्लगवर मोबाइल चार्ज होत असतो. हे मी गमतीने सांगत नाही, पाहिलेलं सांगते.

पाठीवरची जखम, जिला आता सगळेच बेडसोर म्हणतात, ती या सगळ्या शास्त्राची गुरुकिल्ली आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९च्या आपल्या पुस्तकात ती बहुधा रोगाची नसून शुश्रूषेची चूक असते, असं लिहून ठेवलं आहे. माकडहाड, टाचा, कुल्ह्याची हाडं, कानाची मागची बाजू, या जागा पाहायला अर्धा मिनिट लागतो. जखम होण्याआधी कातडी लाल होते आणि बोट दाबून काढलं तरी ती लाली जात नाही. तिथेच कळतं की गेले कित्येक तास या माणसाला कोणी हलवलेलं नाही. रजिस्टर काहीही म्हणो. एका ठिकाणी, नाव घेत नाही, मी सकाळी अकराला गेले तेव्हा कूस बदलल्याच्या तक्त्यात दुपारी चारपर्यंतचे रकाने भरून तयार होते, अक्षर सुंदर.

डोनाबेडियन यांनी अगदी शेवटी, स्वतः कर्करोगाने आजारी असताना, एक मुलाखत दिली. आयुष्यभर मोजमापं शिकवलेल्या त्या माणसाने त्यात दर्जाचं मूळ अखेर प्रेमात आहे, अशा अर्थाचं काही सांगितलं. हे वाक्य परिषदांतून फार आवडीने सांगतात. मला ते पुरेसं वाटत नाही. प्रेम असलेल्या पण सलग बारा तास उभ्या असलेल्या, तीस माणसांमागे एकट्या असलेल्या मावशीला पहाटे चारला प्रेम आठवत नाही. तिला दुसरी मावशी हवी असते.

मोजायचं कसं, याबाबत अमेरिकेचा अनुभव ऐकण्यासारखा आहे, थोडा हसण्यासारखाही. तिथल्या नर्सिंग होममधले हाल चव्हाट्यावर आल्यावर १९८७मध्ये मोठा कायदा झाला. दर माणसाची ठरावीक नोंद ठेवणं बंधनकारक झालं. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांनी किंवा एका महिन्यात पाच टक्क्यांनी घटलं, तर ती धोक्याची खूण. रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता यांत चौदा तासांपेक्षा जास्त अंतर चालणार नाही, हेही नियमात लिहिलेलं आहे. हा नियम वाचला तेव्हा मी आपल्याकडच्या वेळा मनात आठवू लागले. संध्याकाळी साडेसहाला ताटं, म्हणजे स्वयंपाकीण सातला घरी जायला मोकळी, आणि सकाळी साडेआठला पोहे. चौदा तास बरोबर भरले. मधुमेहाच्या माणसाने मध्ये काय खायचं?

मग डिसेंबर २००८पासून तिथल्या सरकारने प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली. मुलगी दुसऱ्या गावाहून तारे पाहून आईसाठी घर निवडू शकेल, ही कल्पना. तीन गोष्टींवर तारे ठरत, आणि त्यांतल्या दोन, किती माणसं कामाला आहेत आणि म्हाताऱ्यांची प्रकृती कशी आहे, या त्या संस्था स्वतःच कळवत. काय झालं असेल, ते तुम्हाला सांगायला नको. तारे वाढत गेले. २०१४मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हे सगळं उघडं केलं. त्यानंतर माणसांची संख्या पगारपत्रकावरून घेण्याची पद्धत २०१६पासून आली. म्हातारी माणसं गप्प राहावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या मानसिक आजाराच्या गोळ्याही २०१५पासून दर्जाच्या हिशेबात धरू लागले. तरीही फेब्रुवारी २०२०मध्ये अमेरिकेत कोरोनाने पहिला मोठा घाला घातला, तो वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंड गावच्या एका नर्सिंग होमवर, आणि त्या घराला पाच तारे होते. ताऱ्यांमुळे काहीच सुधारलं नाही, असं मी म्हणणार नाही. पण ज्याची परीक्षा आहे, त्यानेच पेपर तपासला तर काय होतं, हे दिसायला त्या श्रीमंत देशाला सहा वर्षं लागली.

मेळघाटाला हे आधीच माहीत होतं.

१९९३च्या पावसाळ्यात चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतल्या बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर गेल्या. त्यानंतर इथे मंत्री आले, समित्या आल्या, योजना आल्या. त्या सगळ्या गर्दीत एक साधी वस्तू गावोगावी रुजली, वजनकाटा. आज इथल्या कुठल्याही पाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेला विचारा, दोन महिने वजन वाढलं नाही तर काय समजायचं. ती क्षणात सांगेल. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर लेकरू ‘सॅम’मध्ये, म्हणजे अतितीव्र कुपोषणात, हे तिला पाठ आहे. आजार दिसायच्या आधी काटा बोलतो, हे तिला तिच्या अनुभवाने शिकवलं आहे.

हाच काटा म्हाताऱ्या माणसासाठीही तितकाच खरा आहे. दंडाऐवजी पोटरीला टेप लावा. वृद्धांच्या पोषणाची जी तपासणी जगभर वापरतात, तिच्यात पोटरीचा घेर ३१ सेंटिमीटरच्या खाली असणं ही कुपोषणाची एक खूण धरली जाते. दात गेले, कवळी दुसऱ्याच्या डब्यात गेली, चमचा धरवत नाही, भरवणाऱ्याला घाई आहे, या सगळ्याचं उत्तर काट्यावर येतं. वृद्धाश्रमात आरडाओरडा होत नाही. माणूस किलोकिलोने कमी होत जातो आणि सगळे म्हणतात, वय झालं.

दुसरी गोष्ट मेळघाटाने शिकवली ती वहीबद्दल. इथे बालमृत्यूंचा सरकारी आकडा आणि संस्थांचा आकडा यांत फरक पडत राहिला. बंडू साने, पूर्णिमा उपाध्याय, डॉ. राजेंद्र बर्मा, डॉ. आशिष सातव यांच्यासारखी इथे काम करणारी माणसं तो फरक दाखवत राहिली. २००७च्या जनहित याचिकेपासून मुंबई उच्च न्यायालय मेळघाटाच्या आरोग्याबद्दल सरकारला पुन्हापुन्हा प्रश्न विचारत आलं आहे. या भांडणातून एक रीत तयार झाली. लेकरू गेलं की अन्वेषण होतं. कधी आजारी पडलं, कोणाला पहिल्यांदा कळलं, गाडी कधी आली, कुठे उशीर झाला, हे नावानिशी विचारलं जातं. ही रीत परिपूर्ण आहे असं नाही, पण आहे. वृद्धाश्रमात माणूस गेला तर काय होतं? ‘हृदयक्रिया बंद पडून’ असा दाखला होतो, मुलाला फोन जातो, पलंग धुतला जातो, यादीतल्या पुढच्याला बोलावतात. वर्षभरात अठरा माणसं गेली की सहा, याचं कारण कोणी कोणाला विचारत नाही. वृद्धमृत्यूचं अन्वेषण झालं पाहिजे. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात त्यासाठी एक टेबल पुरेल.

कोणी म्हणेल, हे सगळं मोजायला शिकलेली नर्स लागते, ती या डोंगरात येणार कुठून? नर्स लागतेच, त्यात सूट नाही. पण मोजायला फार शिकलेलं माणूस लागतं, हा समज विदर्भातच खोटा ठरला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाचा श्वास मोजायला, वजन करायला शिकवलं, आणि त्याचा निष्कर्ष १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. धारणीजवळ उतावलीला सातव दांपत्याने गावच्या बायकांकडूनच घरोघरी बाळांची काळजी घेऊन दाखवली. ज्या बाईला बाळाचे श्वास मोजता येतात, तिला म्हाताऱ्याचेही येतील. मिनिटाला पंचवीसच्या वर गेले तर डॉक्टरला फोन कर, एवढं तिला सांगून ठेवा.

आता रात्रीकडे येते. दिवसा वृद्धाश्रम पाहायला जाणाऱ्याला तिथले लोक काय म्हणतात? ‘सारं बेस हाये, माय.’ त्यांना तुमच्यामागे तिथेच राहायचं असतं. ज्याच्या हातून रात्री पाणी प्यायचं आहे, त्याची तक्रार कोणी करत नाही. म्हणून मी विचारत नसे, पाहत असे. उशाशी पाण्याचं भांडं आहे का, आणि ते हाताला लागेल इतकं जवळ आहे का. घंटा असेल तर वाजवून बघायची आणि घड्याळाकडे पाहत थांबायचं. चष्मा डोळ्यांवर आहे की पेटीत. मनगटावर ओढणीचा वळ आहे का. बांधून ठेवणं आपल्याकडे क्रूरपणा म्हणून होत नाही, ‘पडतील हो रात्री’ म्हणून होतं, आणि मावशीचं ते म्हणणं खोटं नसतं, फक्त उपाय चुकीचा असतो. झोपेच्या गोळ्या किती जणांना, आणि सगळ्यांना एकाच तारखेपासून का. डायपर दिवसाला किती येतात आणि माणसं किती, हा भागाकार करायला शाळा लागत नाही. लघवीची नळी घातलेल्यांपैकी किती जणांना ती खरोखर आजारासाठी आहे आणि किती जणांना चादरी वाचवण्यासाठी. सर्वांत शेवटी वास. फिनेलचा घमघमाट आला तर मी सावध होत असे.

हे सगळं दिवसापेक्षा रात्री जास्त खरं दिसतं. दिवसा चार जण असतात, डॉक्टर येऊन जातात, देणगीदार येतात. रात्री दहा ते सहा या वेळात तिथे कोण जागं असतं, हा माझा पहिला प्रश्न. त्यावर सचिव लगेच सांगतात, ‘मावशी इथेच झोपतात.’ झोपतात, हे उत्तर झालं का?

या मावशीबद्दल थोडं रेंगाळते, कारण सगळ्या अहवालांत तीच गाळलेली असते. ती बहुधा स्वतःच विधवा किंवा टाकलेली, बारा तासांची ड्युटी, सुट्टी घेतली तर पगार कापला जातो. पडलेल्या माणसाची कूस कशी बदलायची, हे तिला कोणी शिकवलेलं नसतं, म्हणून तिची स्वतःची कंबर चाळिशीत जाते. संस्थेचा दर्जा मला एकाच आकड्यावरून ठरवायला सांगितला, तर मी विचारीन, गेल्या दोन वर्षांत किती मावश्या सोडून गेल्या? ज्या घरातून मावश्या टिकत नाहीत, तिथे म्हाताऱ्यांना रोज नव्या हाताने उघडं व्हावं लागतं. त्यांच्या लाजेचा हिशेब कुठल्या फॉर्मवर लिहायचा?

आपल्या जिल्ह्यात याचा वेगळा विचार केलेली माणसं होऊन गेली, आजही आहेत. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी, दाजीसाहेबांनी, १९४६मध्ये अमरावतीजवळ तपोवन उभं केलं, तेव्हा कुष्ठरुग्णांना गावाबाहेर हाकलून त्यांच्यापुढे भाकरी टाकायची रीत होती. त्यांनी त्यांना हातमागावर, सुतारकामावर बसवलं. घर चालवण्यात ज्याचा हात आहे, तो ‘आज भाजी जळली’ असं मोठ्याने म्हणू शकतो. वृद्धाश्रमातल्या कोणाला तरी भाजी निवडायला, हिशेबाची वही लिहायला, नव्या आलेल्याला घर दाखवायला द्या. मग तपासणी आतून सुरू होते, आणि ती कोणाला आवरता येत नाही. आपल्याकडे उलट, ‘आजी, तुम्ही बसा, आराम करा.’ आराम करून करून आजीचे गुडघे आखडतात.

आणि घाटाखाली, अचलपूर तालुक्यात, वझ्झर. शंकरबाबा पापळकरांनी तिथे बेवारस, मतिमंद, मूकबधिर मुलांना आपलं नाव दिलं, मोठं केलं. २०२४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नियम म्हणतो, अठरा वर्षं झाली की मुलाने बालगृह सोडायचं. बाबा विचारत आले आहेत, सोडून जायचं कुठे? नियमाच्या पट्टीने पाहणाऱ्या तपासनिसाला अठरा वर्षांवरची प्रत्येक व्यक्ती ही त्रुटी दिसेल. मला तीच त्या घराची सर्वांत चांगली खूण वाटते. मात्र एका माणसाच्या मायेवर उभं राहिलेलं घर त्या माणसानंतर कसं चालेल, हा प्रश्न विचारण्यात कोणाचा अपमान नाही. तो आताच विचारायला हवा.

चिखलदऱ्यात वृद्धनिवास काढायचं असेल, तर ते कोणासाठी, हेही ठरवावं लागेल. पुण्या-नागपूरच्या, मुलं परदेशी असलेल्या, दरमहा पैसे भरू शकणाऱ्यांसाठी? काढा, माझी हरकत नाही. पण आसपासच्या पाड्यांवर होळीचा फगवा झाला की तरणी माणसं कामासाठी खाली उतरतात. मागे राहतात ती म्हातारी माणसं, आणि त्यांच्या अंगावर नातवंडं. त्यांच्याकडे कोण पाहतं? त्यांना आश्रमात आणून ठेवा, असं मी म्हणत नाही, ते येणारही नाहीत. पण गावातल्या लेकरांचं वजन करायला जी सेविका घरात शिरते, तिने ओसरीवरच्या बुढ्यालाही काट्यावर उभं करायला काय हरकत आहे? तिला त्याचे जादा पैसे द्या, एवढंच. आणि इथे घर निघालंच, तर रात्रपाळीला कोरकू बोलणारं एक तरी माणूस ठेवा. कोरकूचा मराठीशी काही नातेसंबंध नाही. दुखतं कुठे, हे मायबोलीत सांगायची सोय ही चैन नव्हे.

शेवटी तुम्हा मंडळींकडे काही मागायचं आहे. आपण वाढदिवसाला, श्राद्धाला वृद्धाश्रमात जेवण देतो. एका रविवारी दोन घरची श्रीखंड-पुरी मधुमेही माणसांच्या पुढ्यात येते, फोटो निघतात, संध्याकाळी सगळ्यांची साखर चढलेली असते. यंदा ते जेवण देऊ नका. त्याऐवजी संस्थेला सांगा, आमच्याकडून रात्रपाळीच्या दुसऱ्या मावशीचा एक महिन्याचा पगार घ्या, आणि आम्हाला दर महिन्याच्या वजनांचा तक्ता दाखवा, नावं झाकून दाखवा हवं तर. जी संस्था तो दाखवेल, तिला पुढच्या वर्षीही द्या. आपल्या आईला ठेवायची वेळ आली, तर ठेवण्याआधी एकदा रात्री नऊनंतर, न सांगता जा. आत घेतलं नाही, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

आणि तक्रार करायची असेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी सरकारची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, क्रमांक १४५६७, फोन फुकट. जिल्ह्यातल्या प्रत्येक वृद्धाश्रमाच्या भिंतीवर, पडून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत तो लिहायला लावा. तो सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत चालतो. उरलेल्या बारा तासांसाठी आपल्या जिल्ह्याने काहीतरी उभं करावं, एवढीच माझी मागणी आहे.